मोडीचा उन्हाळी वर्ग संपला, आता पुढच्या मेपर्यंत काय ठरवावं?

प्रश्न थोडक्यात असा : मुलांच्या सुट्टीत एका ताईंनी मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा, दहा दिवसांचा वर्ग केला. मुळाक्षरं आणि बाराखडी येते, वर्गात दिलेले सरावाचे उतारे वाचता येतात. पण पणजोबांच्या ट्रंकेतला खरा कागद समोर घेतला की पहिल्याच ओळीत अडायला होतं. याच सुट्टीत त्यांनी पोहणं आणि पेटीही सुरू केली. आता शाळा-ऑफिस सुरू होईल. ‘दर वर्षी मे महिन्यात उत्साहाने घेतलेलं पावसाळ्यात सुटतं. यंदा काय ध्येय ठेवू? आणि मोडीची परीक्षा द्यावी का?’

ताई, आधी तुमच्या मनातली रुखरुख काढून टाकतो. तुम्ही जिथे अडलात तिथे मोडी शिकणारा प्रत्येक जण अडतो. वर्गात फळ्यावर असतात ती सुटी, सावकाश काढलेली अक्षरं. ट्रंकेतल्या कागदावर असते एका माणसाच्या हाताची घाई. त्याला संध्याकाळपर्यंत चार दस्त संपवायचे होते, तुमच्यासाठी वळण राखून लिहायला त्याला वेळ नव्हता. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी एकाच तऱ्हेची आणि उकारही एकाच तऱ्हेचा, ओळ संपली तर शब्द मधेच तोडून पुढच्या ओळीत टाकलेला. दहा दिवसांत एवढ्या सगळ्याची सवय डोळ्यांना होत नाही, होऊही शकत नाही.

मी बरीच वर्षं मोडी वाचतो आणि शिकवतो. उन्हाळी वर्गातले बहुतेक जण जूनमध्ये सुटतात. जे टिकतात ते काही जास्त हुशार असतात असं मला दिसलेलं नाही. त्यांच्यापुढे एक ठरावीक कागद असतो, एवढाच फरक. ‘मला मोडी शिकायची आहे’ म्हणणाऱ्याला आपण कुठवर आलो हे कधी कळतच नाही. ‘आमच्या घरातलं हे खरेदीखत मला वाचायचं आहे’ म्हणणाऱ्याला रोज कळतं, की काल चौथ्या ओळीत होतो, आज पाचवीत आहे. तेव्हा ध्येय लिपीचं ठेवू नका, कागदाचं ठेवा. बाकी सगळं मी आता त्याच अंगाने सांगतो.

पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे अगदी याच आठवड्यात, एक काम उरका. ट्रंकेतल्या सगळ्या कागदांचे फोटो काढा. हे काम मी पहिलं सांगतो कारण त्याला मुदत आहे. हवेत दमटपणा आला की जुने कागद एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते, कसर लागते. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही, असा कागद पांढऱ्या चादरीवर पसरा. फोन बरोबर वरून धरा, सावली पडू देऊ नका, आणि आधी पूर्ण कागदाचा, मग तीन-चार ओळींच्या पट्ट्यांचा असे फोटो घ्या. कागदाची पाठही सोडू नका. तारीख, साक्षी, नोंदणीचे शेरे पुष्कळदा मागच्या बाजूला असतात. घडीवर फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायचा मोह होईल, तो आवरा. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. फोटो झाले की कागद धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडात बांधा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहात, कागदांचे गठ्ठे अशाच कापडात बांधलेले असतात, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. यापुढे वाचन फोटोंवरून करायचं, मूळ कागद वरचेवर हाताळायचे नाहीत.

आता कागद निवडायचा. ट्रंकेत साधारण काय असेल याचा अंदाज सांगतो : खरेदीखतं, गहाणखतं, कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या, काही खासगी पत्रं. मन पत्राकडे धावेल, कारण त्यात माणसं असतात. तरी सुरुवात खरेदीखतापासून करा. पत्रात पुढचं वाक्य काय असेल ते सांगता येत नाही, खरेदीखतात येतं. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी मिती, शक आणि इसवी सन, मग लिहून घेणाराचं नाव, वय, धंदा, गाव, मग लिहून देणाराचं, मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’. पुढे मिळकतीचं वर्णन, पूर्वेस काय, पश्चिमेस काय अशी चतुःसीमा, रुपयांचा आकडा, ‘राजीखुशीने लिहून दिले’, आणि शेवटी साक्षी व सह्या. ज्या शेतकऱ्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असं लिहून नांगराची छोटी आकृती काढलेली असते. पहिल्यांदा ती दिसते तेव्हा कागदाकडे बघायची नजरच बदलते. हा साचा पाठ असला की निम्मा दस्त वाचायच्या आधीच तुमच्या हातात आलेला असतो.

उरलेला निम्मा कसा उकलायचा, ते जरा जवळून पाहू. पूर्ण कागदावर नुसती नजर फिरवा आणि ‘मौजे’ हा शब्द शोधा. तो सापडतोच. ‘मौजे’च्या पुढे येतं ते गावाचं नाव. ‘कसबे’ असेल तर मोठं गाव, ‘तर्फ’, ‘परगणे’ किंवा ‘तालुके’ असेल तर त्याच्या वरचा भाग. तुमचं मूळ गाव आणि आसपासची गावं तुम्हाला ठाऊक आहेत. समजा ‘मौजे’नंतर चार अक्षरं आहेत, त्यातलं दुसरं आणि चौथं ओळखू आलं. तालुक्यातल्या गावांची यादी समोर ठेवा, दोन-तीनच नावं त्यात बसतील. एकदा नाव पक्कं झालं की त्या लेखनिकाची आणखी दोन अक्षरं तुम्हाला फुकट मिळाली. तसंच पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. ओळखीच्या नावांवरून अनोळखी हात उलगडायचा, ही मोडी वाचणाऱ्याची सगळ्यात जुनी युक्ती आहे. अशी मिळालेली अक्षरं एका आडव्या कागदावर, जशी आहेत तशी, बघून काढून ठेवा : याचा ‘क’ असा, ‘का’ असा, ‘र’ जोडल्यावर असा. याला आम्ही अक्षरपट म्हणतो. तुमच्या वर्गातल्या छापील तक्त्यापेक्षा हा हाताने केलेला तक्ता शंभर पटीने उपयोगी पडेल. म्हणून माझ्या हिशेबात तुमचं पहिलं ध्येय हेच : गणपतीपर्यंत एका लेखनिकाचा अक्षरपट पूर्ण करायचा.

काढताना हात चालवायला विसरू नका. वाचायला शिकणाऱ्यांना वाटतं, लिहायची काय गरज? गरज आहे. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली, शक्य तितका हात न उचलता, अक्षरं लिहीत जातात. तुम्ही स्वतः तसं लिहून पाहिलंत तरच कळतं, की हा काना खालून वर का वळला आणि दोन अक्षरांच्या मधला धागा अक्षराचा भाग आहे की नुसता हाताचा प्रवास आहे. बोरू मिळाला तर उत्तमच, नाहीतर तिरप्या टोकाचं कॅलिग्राफीचं पेन पुरतं. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला, त्यामुळे आता संगणकावर मोडी टंक (फॉन्ट) आहेत. ते पाहायला छान आहेत, शुभेच्छापत्रासाठी वापरा. पण टंकातली मोडी वाचून हाताची मोडी येत नाही, तेव्हा सरावाचा वेळ तिथे घालवू नका.

आता एक अडचण, जिच्याकडे उन्हाळी वर्गात लक्ष द्यायला वेळच मिळत नाही. पुष्कळदा अक्षर लागतं, पण शब्द कळत नाही म्हणून आपण समजतो की अक्षरच चुकलं. ‘दिल्हे’, ‘तागायत’, ‘बितपशील’, ‘सालमजकूर’, ‘मशारनिल्हे’ हे शब्द ज्याने कधी ऐकलेच नाहीत त्याला ते बरोबर लागले तरी विश्वास बसणार नाही. याला उपाय सोपा आहे आणि तो पावसाळ्यात पांघरूण घेऊन करता येतो : जुने कागद बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, छापलेले आहेत, ते वाचा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापायला सुरुवात केली. गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मोठ्या ग्रंथालयांत ते मिळतात. कोणताही एक खंड घ्या आणि रोज झोपण्याआधी दोन पत्रं, शक्यतो मोठ्याने, वाचा. अर्थ सगळा लागला नाही तरी चालेल. दोन महिन्यांनी तुमच्या कानात ती भाषा बसलेली असेल आणि मोडीतली ओळ आपोआप पुढे सरकू लागेल. तुमची ट्रंक एकोणिसाव्या शतकातली असेल तर भाषा याहून सोपीच असणार.

तारखा आणि आकडे मात्र वेगळे बसून शिका. हा भाग थोड्या दिवसांत हाती येतो आणि त्याने आत्मविश्वास फार वाढतो, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा यालाच द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पौषाच्या सुमारास जानेवारी लागला असेल तर ७९. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ असेल तर पाव, म्हणजे चार आणे. दोन असतील तर अर्धा. तीन असतील तर पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. धान्याच्या हिशेबात वीस मणांची खंडी, जमिनीच्या हिशेबात वीस पांडांचा बिघा.

आणि कधी पेशवाईतला कागद हाती आला तर सुहूर सन, म्हणजे तेव्हाची सरकारी कालगणना, लागेल. तो अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात, आणि एकंपासून वर चढत जातात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा हे वर्ष सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी सुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हा ११६१ मध्ये ६०० मिळवा, बरोबर येतं. महिन्याची तारीख ‘छ’ लिहून पुढे देतात, तो ‘छ’ चंद्राचा, आणि महिने मोहरम, सफर, रबिलावल असे हिजरी. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस... ही माळ पोरांकडून पाढ्यासारखी म्हणून घ्या, त्यांची तुमच्या आधी पाठ होईल. हल्ली मृग लागतो ७-८ जूनला. ज्यांचे कागद तुम्ही वाचणार आहात त्यांचं सरकारी वर्षच उन्हाळा संपताना सुरू होत होतं. शेताचं काम तेव्हा सुरू होई, वसुलाचा हिशेबही तिथूनच धरला जाई. तेव्हा तुमचं शिकण्याचं वर्षही मृग ते मृग मोजा. ३१ डिसेंबरच्या संकल्पाची वाट बघायचं काहीच कारण नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसेन असं ठरवू नका. रविवार पाहुण्यांचा असतो, आणि मधल्या सहा दिवसांत डोळा वळणं विसरतो. रोज तेच पान, जिथे कालचं सुटलं तिथून. एका वहीत ओळीला ओळ जुळवून लिप्यंतर, म्हणजे तोच मजकूर देवनागरीत, लिहा. न लागलेल्या शब्दाच्या जागी तेवढी रिकामी जागा आणि टिंबं. वहीच्या मागच्या पानांवर अडलेले शब्द, ओळीच्या क्रमांकासह. शनिवारी फक्त ती मागची पानं बघायची. नवं काही वाचायचं नाही, अडलेल्यातलं काय सुटतं तेवढं पाहायचं. आठवड्यापूर्वी दगड वाटलेला शब्द शनिवारी सहज वाचला जातो, हा अनुभव तुम्हाला येईल आणि तो कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बळ देईल. प्रगती मोजायची ती इथेच : पहिल्या दस्तात पानाला किती टिंबं पडली, तिसऱ्यात किती. ‘रोज बसले का’ याची खूण कॅलेंडरवर करत बसू नका. गौरी-गणपतीत आठवडा जाणार, सहामाही परीक्षेत मुलांचा अभ्यास येणार. खूण चुकली की मन मोडतं; पान मात्र आपल्या जागी तसंच असतं, पुन्हा तिथूनच पुढे.

म्हणून दिवाळीपर्यंतचं ध्येय मी एवढंच ठेवीन : एकाच लेखनिकाची तीन खरेदीखतं, पूर्ण लिप्यंतरासह. एका गावात बहुधा एकच कुळकर्णी किंवा दस्तलेखक वर्षानुवर्षं लिहीत असे, तेव्हा एकाच हाताचे तीन कागद ट्रंकेत मिळणं अवघड नाही. दस्ताच्या शेवटी ‘हस्ताक्षर’ म्हणून त्याचं नाव बघा. दिवाळीनंतर दुसरा हात घ्या, मग गहाणखत, मग हिशेबाची वही. संक्रांत झाली की पत्रांना हात लावा. पुढच्या मेपर्यंत ट्रंकेतल्या सगळ्या कागदांची यादी झाली पाहिजे : कोणता कागद, कोणत्या सालचा, कोणी कोणाला लिहून दिला. सगळे अक्षरन्‌अक्षर वाचून होणार नाहीत, तो आग्रह धरू नका. पण यादी झाली तर तुमच्या घराण्यात हे काम करणाऱ्या तुम्ही पहिल्या असाल आणि पुढच्या पिढीला ट्रंक उघडताना भीती वाटणार नाही.

पेटी आणि पोहण्याचं काय? माझा सल्ला कदाचित आवडणार नाही. तिन्हींना ध्येयं लावू नका. वर्षाला एकाच गोष्टीला ध्येय पेलतं. पोहणं अंगासाठी चालू ठेवा, पेटी मन रमवायला वाजवा, पण त्यांचा हिशेब ठेवू नका. आणि खरी ओढ पेटीची असेल तर निःसंकोच मोडी बाजूला ठेवा, फक्त फोटो मात्र काढून ठेवा.

लिप्यंतराबद्दल एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून पाळा. कागदावर आहे तसं लिहायचं. ‘दिल्हे’चं ‘दिले’ करायचं नाही, शुद्धलेखन सुधारायचं नाही, आणि नाव लागलं नाही तर अंदाजाने भरायचं नाही. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घाला. हे कागद जमिनीचे आहेत, नात्यांचे आहेत. एका चुकीच्या आडनावावरून भावकीत वाद उभा राहू शकतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, कारण महसुली आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत. एखाद्या शब्दावर एखाद्या कुटुंबाचं किती अवलंबून असतं ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं. तुम्हालाही शेजारीपाजारी कागद आणून देतील. पहिलं वर्षभर नम्रपणे ‘अजून शिकतेय’ म्हणा, पैसे घेऊन वाचून देणं तर नकोच.

तुमच्या किंवा सासरच्या नात्यात नव्वदीच्या आसपासचं कोणी आहे का, याचा शोध घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत मोडी शिकवत, तेव्हा शिकलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. कोणी सापडलं तर माझी वरची सगळी वेळापत्रकं बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे जा. त्यांना जुनं काही वाचता आलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या, लिहिताना हात कसा फिरतो त्याचा व्हिडिओ घ्या, आणि गावातल्या जागांची, शेतांची, घराण्यांची नावं विचारा. चतुःसीमेतली ‘वडाची पट्टी’ किंवा ‘कुंभाराचं शेत’ कुठे होतं हे सांगणारं दुसरं कोणी मिळायचं नाही.

परीक्षेबद्दल : जरूर द्या, पण यंदा नको. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून आणि इतर काही संस्थांकडून मोडीचे वर्ग आणि परीक्षा होतात. परीक्षेच्या तयारीत निवडक, स्वच्छ उतारे वाचायची सवय लागते, आणि तुमची अडचण नेमकी अस्वच्छ कागदाची आहे. आधी तीन खरेदीखतं होऊ द्या. मग परीक्षेचा उतारा तुम्हाला सोपा वाटेल, आणि पुढे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे मंडळात किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन अभ्यासासाठी कागद मागायचा झाला तर प्रमाणपत्राबरोबर तुमची ती वहीही दाखवता येईल. तिथले लोक प्रमाणपत्रावरून एक नजर फिरवतात आणि वही उलटून बघतात, असा माझा अनुभव आहे.